बुटक्यांची साडेचार पानं

बारक्या सहा फूट एक इंच उंच आहे. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण नावावरून लोक भलतंच समजतात. तो पाळण्यात असताना त्याच्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठ्या ताईने हे नाव ठेवलं. पुढे तो ताडमाड वाढला, नाव मात्र होतं तेवढंच राहिलं. आज तो सेहेचाळीस वर्षांचा आहे. एकशे दहा इमारतींच्या लिफ्ट त्याच्या भरवशावर चालतात. तरी भर चौकात ताईने ‘ए बारक्या’ अशी हाक मारली की तो हातातली अवजारांची पेटी खाली ठेवून मुकाट्याने ‘ओ’ देतो.

कामात माणूस पक्का. लिफ्टमध्ये पाय ठेवला की डोळे मिटून दोन मजले नुसता ऐकतो आणि मग सांगतो, ‘तिसऱ्या मजल्याचं दार रडतंय.’ लिफ्ट म्हणजे वर ओढायची नुसती पेटी नव्हे. दोराच्या दुसऱ्या टोकाला तिच्या तोलाचं वजन लटकत असतं, लोखंडी पाट्या रचून केलेलं. केबिन जड झाली की तिकडे एक पाटी वाढवायची आणि हात झटकायचे. जगातले निम्मे तंटे एक पाटी वाढवून मिटतील, असं त्याचं ठाम मत आहे. हा उपाय त्याने संसारातही करून पाहिला होता, पण त्याबद्दल त्याची बायको बोलेल, आपण कशाला बोला.

आता त्याच्या वेडाबद्दल. ते मात्र बोलायलाच हवं.

सात वर्षं दर रविवारी दुपारी बारक्याच्या जेवणाच्या टेबलावर एक खेळ चालायचा. त्याला पट नव्हता की सोंगट्या नव्हत्या. कागद, पेन्सिली, वीस बाजूंचा एक फासा आणि भरपूर आरडाओरडा, एवढीच सामग्री. प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं आणि त्या पात्राच्या तोंडाने बोलायचं. बारक्या सूत्रधार. ‘समोर दरी आहे, पूल कुजलेला आहे, मागून ड्रॅगन येतोय. काय करता?’ असं तो विचारायचा. खेळणारे काय करतात ते सांगायचे, फासा टाकायचे, आणि जमलं की फसलं ते फासा ठरवायचा; आकडा मोठा आला तर जमलं, लहान आला तर फसलं. हे सगळं जग बारक्याने स्वतः रचलं होतं, लिफ्टच्या वर, गच्चीवरच्या यंत्रखोलीत, डबा खाता खाता.

त्या जगात तीन जमाती होत्या. धिप्पाड म्हणजे भिंतीएवढे, ताकदीचे, अकलेने जरा सावकाश. लांबकाने म्हणजे चपळ, नेमबाज आणि शिष्ट. आणि बुटके म्हणजे कमरेएवढे, चिवट, कुऱ्हाडवाले. धिप्पाड व्हायचा कोपऱ्यावरचा चष्मेवाला, जो एरवी फुंकर मारली तर उडेल. लांबकानी व्हायची बारक्याची बायको. ती शाळेत गणित शिकवते, त्यामुळे शिष्टपणा तिला वेगळा आणावा लागला नाही. आणि बुटका व्हायची ताई.

ताई जलतरण तलावावर जीवरक्षक आहे. तीस वर्षं उंच खुर्चीवर बसून ती पाण्याकडे बघते. गळ्यात शिट्टी, डोळे घारीचे आणि आवाज असा की खोल पाण्यातला माणूसही दचकून पोहायला लागावा.

अडचण एकच होती. बुटका मरायचा. एखाददुसऱ्या वेळी मरणं खेळात आलंच, नवं पात्र घ्यायचं आणि पुढे चालायचं. पण हा उठसूट मरायचा. बायकोने खेळाची वही ठेवली होती, आणि तिच्या वहीत खाडाखोड नसते. सात वर्षांत धिप्पाड मेले एकोणीस वेळा, लांबकाने बावीस वेळा, आणि बुटके? एकशे त्रेचाळीस.

“जमातीत खोट आहे,” बायको पहिल्या वर्षापासून म्हणत होती. “आकडे खोटं बोलत नाहीत.”

बारक्याच्या जिवाला हे फार लागलं. आपण केलेल्या जगात आपल्याच ताईवर अन्याय! त्याने पहिल्या वर्षी बुटक्यांना जाड कातडी दिली. तरी मेले. दुसऱ्या वर्षी त्यांना आग लागेना, विष चढेना. तरी मेले. मग फेकलेली कुऱ्हाड आपोआप हातात परत यायला लागली. मग त्यांना अंधारात दिसू लागलं, नंतर दगडातून दिसू लागलं. त्यांना भीती वाटेनाशी झाली, झोप लागेनाशी झाली, आणि एका रविवारी तर बारक्याने भावनेच्या भरात ‘बुटक्यांवर कोणाचाही राग टिकत नाही’ असंही लिहून टाकलं. पाटीवर पाटी, पाटीवर पाटी. शेवटी धिप्पाडांची माहिती अर्धं पान, लांबकान्यांची अर्धं पान आणि बुटक्यांची साडेचार पानं झाली. नाकापेक्षा मोती जड म्हणतात, इथे तर नाक मोत्याखाली दिसेनासं झालं होतं. आणि ताई? ती साडेचार पानं मांडीवर घेऊन पुढच्या रविवारी हसत हसत मरायची.

हे असंच चालू राहिलं असतं. पण एक दिवस छापखान्याची लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली, आणि आत होत्या खुद्द मालकीणबाई.

बारक्या धावत पोचला. ब्रेक घट्ट धरून बसला होता. सोडवायला चाळीस मिनिटं लागणार होती, आणि आतून बाई ‘मला गुदमरतंय’ म्हणून दारावर थापा मारत होत्या. आत हवेला काही तोटा नव्हता, पण घाबरलेल्या माणसाला हे सांगून उपयोग नसतो. म्हणून साथीदाराला वर यंत्रावर बसवून बारक्याने दाराच्या फटीला तोंड लावलं आणि जे सुचलं ते बोलायला लागला. “मॅडम, असं समजा की तुम्ही लांबकानी आहात. एका विहिरीत अडकलाय. वरून दोर सुटलाय आणि खाली काहीतरी घोरतंय. काय करता?”

थापा थांबल्या. मग आवाज आला, “घोरतंय म्हणजे झोपलंय ना? मग मी हळूच बूट काढते.”

बारक्या खूश झाला. चाळीस मिनिटांत बाईंनी विहीर सोडली, राक्षसाची चावी पळवली आणि त्याच्याच होडीत बसल्या. तेवढ्यात केबिन मजल्याला लागली, दार उघडलं, तर बाई आतच उभ्या. “होडीला भोक आहे का ते आधी सांग,” त्या म्हणाल्या. “मग बाहेर येते.”

पुढच्याच आठवड्यात त्यांनी त्याला बोलावून घेतलं. हा खेळ पेटीत घालून विकायचा, हजार पेट्या छापायच्या, असं त्यांच्या मनात आलं होतं. बारक्याला खुर्चीवर बसवेना. पण बाईंनी अट घातली. “माझी तीन माणसं खेळतील. त्यांनी तुझं तोंडही पाहिलेलं नाही. तू सूत्रधार म्हणून बोल, पण त्यांना शिकवायचं नाही, सुचवायचं नाही. खेळून झाल्यावर तिघांनी आपणहून ‘परत खेळू’ म्हटलं, तर छापते. नाहीतर विषय संपला.”

शनिवारी दुपारी बांधणीच्या दालनात, कागदाच्या गठ्ठ्यांमध्ये एक टेबल मोकळं केलं गेलं. तिघे आले. टेम्पो चालवणारा ड्रायव्हर, पुस्तकं शिवणारी बाइंडरबाई आणि मुद्रितं तपासणारे प्रूफकाका. ड्रायव्हरने अर्धं पान वाचून धिप्पाड घेतला, बाइंडरबाईने लांबकानी. प्रूफकाका मात्र मिळेल तो कागद शेवटच्या टिंबापर्यंत वाचणारे. त्यांनी बुटक्यांची साडेचार पानं वाचली, चष्मा पुसला, पुन्हा वाचली आणि शांतपणे म्हणाले, “मी बुटका.”

ड्रॅगन अकरा मिनिटांत मेला.

आगीतून काका सरळ चालत गेले. डोंगरातून त्यांना ड्रॅगनचं काळीज दिसतच होतं. कुऱ्हाड फेकली, परत आली, फेकली, परत आली. ड्रायव्हर आणि बाइंडरबाई हाताची घडी घालून बसले होते, दूरच्या नातेवाइकांच्या लग्नात ओळखीचं कुणी नसलं की बसतात तसे. दुसऱ्या डावाला तिघांनीही एकदम ओरडून बुटकाच मागितला. तीन बुटक्यांनी ड्रॅगन जागा व्हायच्या आतच उरकला. हसून हसून तिघांच्या डोळ्यांत पाणी आलं, पण तिसरा डाव मांडू या असं कुणीच म्हणालं नाही.

बाई म्हणाल्या, “अरे, हा खेळ नव्हे, हे बुटक्यांचं आत्मचरित्र आहे. आठ दिवस देते. पुढच्या शनिवारी शेवटची संधी.”

बारक्या तोंडावर आपटला होता. घरी येऊन त्याने पेटी दारात ठेवली आणि बूट न काढताच टेबलाशी बसला. बायकोने वही उघडली. “पण एकशे त्रेचाळीस तर खरेच आहेत,” ती पुन्हा म्हणाली. “तीच ताकद घेऊन काकांचा बुटका मरत नाही, आणि ताईंचा जगत नाही. हे कसं?”

“वहीत अजून काय लिहिलंयस?”

“तारीख, जमात आणि कशाने मेला.”

“कशाने मेला ते वाच की.”

सात वर्षांत तो रकाना कुणी वाचला नव्हता. बायको वाचू लागली. “चष्मेवाल्याला दलदलीतून ढकलताना. मला बाण लागू नये म्हणून मध्ये आल्याने. सगळे पार होईपर्यंत पूल खांद्यावर धरल्याने. चष्मेवाल्याची उडी चुकली म्हणून त्याच्यामागे दरीत. माझ्यासाठी ड्रॅगनच्या तोंडात. चष्मेवाल्यासाठी ड्रॅगनच्या तोंडात. चष्मेवाल्याच्या घोड्यासाठी ड्रॅगनच्या तोंडात...” तिचा आवाज हळूहळू उतरत गेला. दोन पानं झाल्यावर तिने वही मिटली.

काखेत कळसा आणि गावाला वळसा. सात वर्षं त्यांच्या टेबलावर, त्यांच्या डोळ्यांदेखत, एक बाई रविवारमागून रविवार त्यांच्यासाठी मरत होती, आणि ते तिघे जमातीची कातडी जाड करत बसले होते. बारक्याला तर दिसणं शक्यच नव्हतं. लहानपणी काच त्याने फोडायची आणि ‘मी फोडली’ असं ताईने म्हणायचं, हे घरात इतकं नेहमीचं होतं की त्याला ते हवेसारखं वाटायचं. आज पहिल्यांदा त्याला त्याची लाज वाटली. खूप वाटली.

“मी पाट्या वाढवत बसलो,” तो म्हणाला. “केबिनमध्ये कोण उभंय ते एकदाही पाहिलं नाही.”

दुसऱ्या दिवशी सकाळी तो तलावावर गेला. ताई उंच खुर्चीवर बसली होती. खाली उथळ पाण्यात चार आजोबा चालत होते.

“ताई, तू दर वेळी उडी का मारतेस?”

“कुठे?”

“खेळात.”

ताईने पाण्यावरची नजर हलवली नाही. “तुम्ही ओरडता ना! तो चष्मेवाला ‘मेलो मेलो’ म्हणून असा बोंबलतो की मला बसवतच नाही रे. तीस वर्षांची सवय आहे. आधी उडी, मग विचार.”

“पण दर वेळी मरतेस!”

“मग काय झालं? मेल्यावर निवांत बसून तुमची तोंडं बघता येतात. वाचलेल्या माणसाचं तोंड काय मजेशीर असतं, तू बघितलं नाहीस कधी. ए आजोबा! त्या दोरीपलीकडे नाही!” शिट्टी वाजली, आजोबा वळले. “आणि त्या कातड्या-बितड्या तू का देत होतास मला काही कळायचं नाही. मी काही त्या वापरल्या नाहीत. दगडातून बघायचं वगैरे मला आठवायचंच नाही.”

बारक्या तिथेच ओल्या बाकावर बसला आणि पेन्सिलीने काट मारत सुटला. परत येणारी कुऱ्हाड गेली. आग, विष, झोप, भीती, सगळं गेलं. अकराच्या सुमाराला बुटके अर्ध्या पानावर आले. त्याची विजार मागून चिंब झाली होती, पण डोकं कसं हलकं झालं होतं.

शनिवारी ताई हट्टाने बरोबर आली. बाईंनी तिला कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसवून बजावलं, “घरच्या माणसांनी चकार शब्द काढायचा नाही. एक शब्द ऐकला की मी उठले.” ताईने तोंडावर बोट ठेवलं.

या वेळी जमाती तोलात होत्या, अगदी काट्यावर. काकांनी पुन्हा बुटका घेतला, पण आता त्यांचा बुटकाही धडपडत होता. बाइंडरबाई धिप्पाड झाली, ड्रायव्हर लांबकाना. ज्याला त्याला दुसऱ्याची जमात जड वाटत होती, म्हणजे तोल नक्की साधला होता. आणि तरी टेबलावर काही जीव नव्हता. तिघे जण तीन लिफ्टमधून चालल्यासारखे, जो तो आपापल्यापुरता. ड्रायव्हर आपला खजिना शोधत होता, बाइंडरबाई आपली भिंत फोडत होती, काका नियम वाचत होते. बाईंनी एकदा जांभई दिली. मग दुसऱ्यांदा दिली, आणि तोंडावर हात ठेवायचीही तसदी घेतली नाही. बारक्याला दिसत होतं की हजार पेट्या हातातून चालल्या. सात वर्षांच्या खेळाला ज्यामुळे मजा होती ते कुठल्याच पानावर लिहिलेलं नव्हतं, आणि त्याला बोलायची तर बंदी होती.

“पूल तुटला,” तो म्हणाला. “लांबकाना नदीत पडलाय. धार जोरात आहे.”

ड्रायव्हरने फासा टाकला. एक. “आई गं,” तो ओरडला, “मेलो!”

कोपऱ्यातली खुर्ची उलटी पडली. “बुटका उडी मारतोय!” ताई गरजली. कागदाच्या गठ्ठ्यांमागे काम करणारे दोघे धावत आले.

बारक्याने डोळे मिटून घेतले. संपलं सगळं.

“माझा बुटका?” काकांनी विचारलं.

“मग कुणाचा? बघत काय बसलात, तो बुडतोय!”

काका गडबडले. “पण असं करता येतं का? नियमात कुठे...” त्यांनी मालकिणीकडे पाहिलं. बाई उठल्या होत्या. त्या दाराकडे निघाल्या आहेत असं बारक्याला वाटलं. पण त्या टेबलाशी आल्या आणि दोन्ही हात टेकवून वाकल्या.

“मनाई आहे का ते बघा, काका.”

काकांनी अर्धं पान वाचलं. उलटून मागची कोरी बाजूही वाचली. “मनाई नाही,” ते म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं काही पसरलं जे छापखान्यात बावीस वर्षांत कुणी पाहिलं नव्हतं. “मग मी मारतो उडी!”

बुटका बुडाला. लांबकाना काठाला लागला. ड्रायव्हर काकांकडे बघतच राहिला, जणू त्यांनी खरोखरच त्याला मानगूट धरून वर काढलं होतं. “काका... माझ्यासाठी?” आणि बाइंडरबाईने टेबलावर मूठ आपटली, “आता त्या ड्रॅगनला मी सोडत नाही!” मग काय विचारता! ड्रायव्हर तिला वाचवायला धावला, ती ड्रायव्हरला. काकांनी नवा बुटका घेतला, तो सहा मिनिटांत मेला, पुन्हा एक घेतला. गठ्ठ्यांमागचे दोघे काम सोडून ओरडत होते. बाई कुणाच्या बाजूने ओरडत होत्या ते त्यांनाही माहीत नसावं. पाच वाजता छापखाना बंद व्हायची घंटा झाली तेव्हा तिघे तीन वेगवेगळ्या वाक्यांत एकच गोष्ट म्हणाले, आणि ती ‘परत खेळू’ हीच होती.

“छापते,” बाई म्हणाल्या. “पण ही उडी नियमात घाल.”

बारक्याने पेन्सिल काढली. सवय वाईट. “जो उडी मारेल त्याच्या पुढच्या पात्राला थोडी ताकद जास्त देऊ. म्हणजे तोल...”

“काही देऊ नकोस,” ताई म्हणाली. “दिलंस तर लोक ते मिळावं म्हणून मारतील.”

त्याने पेन्सिल खिशात ठेवली. पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर ती ओळ आहे तशी छापली आहे: ‘कोणत्याही जमातीला दुसऱ्यासाठी मरता येतं. त्याबद्दल काहीही मिळत नाही.’ प्रूफकाकांनी ती चार वेळा तपासली.

पेट्या बांधून गेल्या त्या रविवारी बारक्या म्हणाला, “आज सूत्रधार तू हो,” आणि बायकोच्या खुर्चीवर जाऊन बसला. सात वर्षांत तो एकदाही खेळला नव्हता. त्याने लांबकाना घेतला. सहा फूट एक इंचाचा माणूस, धिप्पाड सोडून! चष्मेवाल्याने त्यावरून त्याची भरपूर टिंगल केली. बायकोने चष्मा नाकावर ओढून सुरुवात केली, आणि गणिताच्या बाईंना दयामाया नसते हे सगळ्यांना लगेच कळलं. आठव्या मिनिटाला ताईच्या बुटक्याखालचा बर्फ फुटला. ताईने फासा टाकला. दोन.

“बुडतोय,” बायको म्हणाली.

ताई गप्प बसली. स्वतःसाठी ओरडायचं असतं हे तिला कधी कुणी शिकवलंच नव्हतं. पण बारक्या उभा राहिला होता. “मी उडी मारतो,” तो म्हणाला, फासा टाकला, बुटक्याला वर ढकललं आणि स्वतः बर्फाखाली गेला.

“अरे मूर्खा!” ताई किंचाळली. “तुला कुणी सांगितलं होतं? मला पोहता येतं!”

“बुटक्यांना येत नाही, ताई. पानावर लिहिलंय.”

“मला येतं!”

“हो गं. पण मला बसवेना.”

तीस वर्षांत किती जणांना तिने पाण्यातून काढलं होतं याची गणती नाही, पण तिच्यासाठी पाण्यात कुणी उडी मारायची ही पहिलीच वेळ होती. वाचलेल्या माणसाचं तोंड कसं दिसतं ते बारक्याने पोटभर पाहून घेतलं. मग तिने त्याच्या पाठीत असा धपाटा घातला की चष्मेवाल्याची पेन्सिल टेबलावरून पडली. त्याच हाताने तिने त्याचा दंड धरला. तो तिने सोडलाच नाही, आणि पुढचा अर्धा तास ताई डाव्या हाताने फासे टाकत होती.